गंजलेली मॉरिस मायनर पुन्हा रस्त्यावर आणताना: पत्र्यापासून पहिल्या पाचशे किलोमीटरपर्यंत

वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी गाडी हाती आली की बहुतेकांचा हात आधी बॉनेटकडे जातो. इंजिन सुरू होतं का, हे पाहण्याची घाई असते. मॉरिस मायनरच्या बाबतीत हा प्रश्न सर्वात शेवटी विचारावा. तिचं ए-सिरीज इंजिन इतकं साधं आणि चिवट आहे की ते आज ना उद्या सुरू होतंच. गाडी भंगारात जाते ती पत्र्यामुळे, आणि माणूस दवाखान्यात जातो तो पुढच्या चाकांच्या सांध्यांमुळे किंवा ब्रेकमुळे. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी सांगाडा, मग पुढची चाकं आणि ब्रेक, मग इंजिन, इंधन आणि वायरिंग. रंगाचं नाव त्यानंतर काढायचं.

ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी १९४८ मध्ये बाजारात आली. दहा लाखांच्या उत्पादनाचा टप्पा ओलांडणारी ती पहिली ब्रिटिश गाडी. इथे विचार आहे तो १९५६ नंतरच्या 'मायनर १०००' सेडानचा, म्हणजे आधी ९४८ सीसी आणि १९६२ पासून १०९८ सीसी इंजिन असलेल्या दोन दारी किंवा चार दारी गाडीचा. त्याआधीच्या दुभंगलेल्या काचेच्या गाड्यांना पत्रेकामाचा भाग बव्हंशी तसाच लागू होतो, इंजिनाचे आकडे मात्र वेगळे.

पाना उचलण्याआधी

या गाडीचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. ७/१६, १/२ आणि ९/१६ हे एएफ मापाचे (नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर) पाने सर्वात जास्त लागतात. मिलिमीटरचा पाना 'जवळपास बसतो' म्हणून लावला की गंजलेल्या नटाचे कोपरे गोल होतात आणि पाच मिनिटांचं काम दिवसभराचं होऊन बसतं. रिंग पाना किंवा सहा कोनी सॉकेट वापरा. बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटावर घसरतो. घट्ट बसलेल्या नटावर भेदक तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा मारा. तरीही हलला नाही तर नट तापवा आणि आधी घट्ट करण्याच्या दिशेला किंचित वळवून मग सोडवा. मात्र पेट्रोलची टाकी, नळ्या आणि ब्रेकच्या रबराजवळ ज्योत नेऊ नका.

गाडीखाली शिरताना चांगले चार स्टँड हवेतच. स्टँड लावण्याची जागा आधी ठोकून बघा. मायनरचे मूळ जॅक-पॉइंट मधल्या आडव्या तुळईच्या टोकांना असतात आणि नेमकी तीच जागा आधी सडते. जॅक वर जाताना गाडी जागची हलत नसेल आणि पत्रा करकरत असेल तर जॅक गाडीला न उचलता पत्र्यात शिरतो आहे असं समजा.

प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो काढा. बोल्ट त्या-त्या भागासोबत पिशवीत भरून पिशवीवर नाव लिहा. हे सांगायची गरज नाही असं प्रत्येकाला वाटतं आणि सहा महिन्यांनी डबाभर बोल्ट समोर घेऊन प्रत्येक जण बसतो.

गंज कुठे लपतो

मायनरला वेगळी चेसिस नाही. सिल (दारांखालचे पोकळ भाग), जमिनीचा पत्रा, पुढचे दोन चेसिस-दांडे आणि मधली आडवी तुळई मिळूनच गाडीची ताकद बनते. त्यामुळे 'खालून थोडा गंज आहे' या वाक्याचा या गाडीत अर्थ असा होतो की गाडीचा कणा गंजला आहे. मडगार्ड चारही बोल्टने बसवलेले आहेत. ते कितीही सडके असले तरी बदलता येतात, म्हणून त्यांच्याकडे बघून गाडी घ्यायची की सोडायची ते ठरवू नका.

गालिचे, सीट आणि जमिनीवरची रबरं बाहेर काढा. एक बोथट स्क्रूड्रायव्हर, छोटी हातोडी, टॉर्च आणि चुंबक घ्या. धडधाकट पत्रा हातोडीखाली खणखणतो, सडका पत्रा थबथब वाजतो. चुंबक चिकटला नाही तर तिथे लांबी (पुट्टी) किंवा फायबर भरलेलं आहे. खालच्या डांबरी लेपावर भरवसा ठेवू नका. तो उचकटून बघा, कारण लेपाला तडा गेला की पाणी आत शिरतं आणि तिथेच राहतं.

तपासायच्या जागा साधारण या क्रमाने घ्या. पुढच्या सीटखालून जाणारी आडवी तुळई आणि तिची दोन टोकं. सिल, बाहेरून आणि आतून. पुढचे चेसिस-दांडे, विशेषतः जमिनीच्या पत्र्याला मिळतात तिथे. मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) पुढची टोकं जिथे अडकतात ते हँगर आणि त्याभोवतीचा पत्रा. मग पायाजवळचे बाजूचे पत्रे, दारांच्या बिजागऱ्यांचे खांब, डिकीचा तळ, मागच्या चाकांचे आतले पत्रे, बॅटरीचा ट्रे. दारांचा खालचा भाग आणि हेडलाइटभोवतीची जागा शेवटी, कारण तो दिसण्याचा प्रश्न आहे.

दार बंद करून त्याच्या वरच्या आणि खालच्या फटीही बघा. वरची फट मागच्या बाजूला मिटत आली असेल आणि दार उचलून लावावं लागत असेल तर गाडी मधोमध खचली आहे. आधी बिजागरीची पिन झिजली आहे का ते तपासा. पिन ठीक असेल तर दोष सिलचा आहे.

आडव्या तुळईबद्दल थोडं जास्त. पुढच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगऐवजी लांब टॉर्शन बार आहेत आणि त्यांची मागची टोकं याच तुळईत पकडलेली आहेत. म्हणजे गाडीच्या पुढच्या भागाचं वजन पेलण्यासाठी पिळलेली पोलादी सळई या पत्र्याच्या भरवशावर असते. तुळईला बोटाएवढं भोक दिसलं तरी गाडी चालवून बघण्याचा विचार सोडून द्या.

पत्रेकाम

वेल्डिंगला हात घालण्याआधी बॅटरी काढा, डायनॅमोच्या आणि कटआउटच्या (चार्जिंग नियंत्रित करणाऱ्या डबीच्या) वायरी सोडवा, पेट्रोलची टाकी आणि नळ्या गाडीतून बाहेर काढून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच, किंबहुना जास्त धोकादायक असते, कारण आत वाफ असते. जोडायची जागा ब्रेक क्लीनरने पुसू नका. क्लोरीनयुक्त क्लीनरवर वेल्डिंगची ठिणगी पडली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. पुसायला ॲसिटोन वापरा, तोही पूर्ण उडून गेल्यावरच वेल्डिंग. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून तो ओला करून घासा आणि मास्क लावा. जवळ बादलीभर पाणी, अग्निशामक आणि दुसरा माणूस असू द्या. काम संपल्यावर अर्धा तास गाडीपाशीच थांबा. पत्र्यामागचं जुनं अस्तर उशिरा पेट घेतं.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. सिल कापला की त्या बाजूची ताकद जाते आणि गाडी वाकते. म्हणून कापण्याआधी दाराच्या चौकटीत २५ मिमी चौकोनी पाइप आडवा-तिरका जोडून घ्या. गाडी सपाट जमिनीवर, तिचं वजन सस्पेन्शनच्या जागांवर पडेल अशा रीतीने स्टँडवर ठेवा. प्रत्येक दाराच्या चौकटीची दोन्ही तिरकी मापं लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू कापा. ती पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला ग्राइंडर लावायचा नाही. नवा सिल टाक्यांवर धरला की दार बसवून, बंद करून फट बघा आणि मगच पक्कं जोडा. दार न बसवता सिल जोडला तर पुढे दार कायमचं ठोकून लावावं लागतं.

सिल म्हणजे एकच पत्रा नाही. बाहेरचा सिल, आतली बाजू आणि त्यांच्यामधली बॉक्सिंग प्लेट अशी ती रचना आहे. जुन्या सडलेल्या सिलवर नवा पत्रा चढवून देणारे पुष्कळ भेटतील. दिसायला ते नीट दिसतं. आतला गंज मात्र चालूच राहतो, आणि नवा पत्रा ज्याला जोडला तेच नाहीसं झाल्यावर त्याला आधार उरत नाही. सडका भाग चकचकीत, पूर्ण जाडीच्या पत्र्यापर्यंत कापत जा. छिद्र पाच सेंटिमीटरचं दिसत असेल तर कापायची जागा वीस सेंटिमीटरची निघते, याची मनाची तयारी ठेवा.

मायनरचे जवळजवळ सगळे दुरुस्ती-पत्रे आजही नव्याने बनतात. स्वतः बनवायचे असतील तर जमीन आणि सिलसाठी १.२ मिमी, तुळई आणि चेसिस-दांड्यांसाठी १.६ मिमी, बाहेरच्या पत्र्यासाठी ०.९ ते १ मिमी जाडी घ्या. मिग वेल्डिंगला ०.६ किंवा ०.८ मिमी तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइड मिश्र वायू ठीक. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे नव्या पत्र्याला ६ ते ८ मिमी भोकं पाडून दर २५ ते ४० मिमीवर प्लग वेल्ड करा. भोक भरताना वेल्डिंगचा आर्क खालच्या पत्र्यावर आधी धरा, नाहीतर वर सुंदर टिकली दिसते आणि खाली काहीच चिकटलेलं नसतं. खात्री करायला भंगार पत्र्याचे दोन तुकडे जोडून छिन्नीने उचकटून बघा. वेल्ड तुटता कामा नये, त्याभोवतीचा पत्रा फाटला पाहिजे.

बाहेरच्या पातळ पत्र्यावर सलग वेल्ड ओढू नका. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, मग थांबा. बोट ठेवता येईल इतकं थंड झाल्यावर पुढचे टाके. घाई केली तर पत्रा उष्णतेने फुगतो आणि तो सरळ करायला वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ जातो.

तुळईचं काम निघालं तर टॉर्शन बार काढावेच लागतात. त्यांच्यात साठलेली ताकद हाडं मोडू शकते. खालच्या आर्मला जॅकचा आधार देऊन, हळूहळू भार उतरवूनच ते मोकळे करा. डावा-उजवा खूण करून ठेवा, त्यांची अदलाबदल चालत नाही. बारवर पक्कड किंवा छिन्नीचा ओरखडा उठू देऊ नका, बार तिथूनच तुटतो. आणि बार सुटलेलेच आहेत तर ब्रेकचा मास्टर सिलिंडर याच वेळी बदला. तो चालकाच्या पायाखाली, चेसिस-दांड्याच्या आत बसवलेला आहे आणि त्याचे बोल्ट बाहेर ओढताना टॉर्शन बार आडवा येतो. नंतर करू म्हटलं तर तेच बार पुन्हा सोडावे लागतात.

जोडकाम झालं की उघड्या पत्र्याला त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर द्या. लांबी कधीही उघड्या पत्र्यावर भरू नका. ती पाणी धरते. आधी एपॉक्सी, मग लांबी, तीही २ ते ३ मिमीपेक्षा जास्त नाही. सांध्यांवर सीम सीलर, खाली चेसिसचा रंग आणि सगळ्यात शेवटी पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स. सिल आणि दारांच्या तळाची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा. ती सीलरने बुजवली की सगळी मेहनत दोन-तीन पावसाळ्यांत वाया जाते.

पाणी मुळात आत कुठून आलं, तेही शोधा. बहुतेक वेळा पुढच्या काचेचं रबर, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जाणाऱ्या वायरींची रबरी कडी किंवा दाराच्या आतला फाटलेला प्लॅस्टिकचा पडदा दोषी असतो. नवी जमीन टाकून जुनं रबर ठेवण्यात अर्थ नाही.

पुढची चाकं

मायनरची सर्वात बदनाम जागा म्हणजे पुढचे ट्रनियन. चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं तिच्या टोकांना आटे असतात आणि ती खालच्या-वरच्या ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरते. गाडीचं वजन पिनेला खालच्या ट्रनियनमधून वर खेचत असतं. ग्रीस न मिळाल्याने आटे झिजले की एक दिवस पिन सुटून येते आणि चाक मडगार्डखाली दुमडतं. हे बहुधा हळू वेगात, वळताना होतं, पण होईलच तसं याची हमी नाही.

तपासणी अशी: खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक जमिनीपासून सोडवा. टायरखाली पहार घालून चाक वर उचला आणि त्याच वेळी दुसऱ्याला ट्रनियनकडे बघायला सांगा. पिन आट्यांत वर-खाली सरकताना दिसली तर पिन आणि ट्रनियन दोन्ही बदला, एकच नवं घालून भागत नाही. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलट दिशेचे आहेत. मागवताना बाजू सांगा. इतिहास माहीत नसलेल्या गाडीचे ट्रनियन तपासणीत बरे वाटले तरी नवेच टाकलेले बरे.

ग्रीस भरताना चाक अधांतरी असावं. भार असताना दाबाच्या बाजूला ग्रीस पोहोचतच नाही. सांध्यातून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन चालवा. जिथून काहीच बाहेर येत नाही तिथे निपल बुजलं आहे, ते काढून साफ करा किंवा नवं लावा.

टाय रॉड एंड, स्टिअरिंग रॅकची रबरी बूट आणि आर्मचे रबरी बुश एकदाच बदलून मोकळे व्हा. शॉकअब्झॉर्बर जुन्या लीव्हर पद्धतीचे आहेत, पुढचा तर वरच्या आर्मचंच काम करतो. तेल गळत असेल किंवा आर्म हाताने सैल हलत असेल तर तो रीकंडिशन केलेला लावा.

टायर कितीही चांगले दिसले तरी बाजूवर छापलेला चार आकडी कोड वाचा: आधी आठवडा, मग वर्ष. दहा वर्षांपेक्षा जुने किंवा कोडच नसलेले टायर फेकून द्या. १४ इंची रिमला १४५/८० किंवा १५५/८० रेडियल बसतात.

ब्रेक: जुनं काहीही ठेवायचं नाही

इथे काटकसर करू नका. गाडीला एकच हायड्रॉलिक सर्किट आहे. कुठेही एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. मास्टर सिलिंडर, सहा व्हील सिलिंडर (पुढे प्रत्येक चाकाला दोन, मागे एक), रबरी होज, शू आणि सगळ्या धातूच्या नळ्या नव्या घाला. नळ्या ३/१६ इंची, तांबे-निकेल मिश्रधातूच्या घ्या, गंजत नाहीत. जुन्या नळीच्या टोकाची फ्लेअर (रुंदावलेली कड) एकेरी आहे की दुहेरी ते बघून तशीच करा.

जुनी धूळ हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या शूंच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा.

मागच्या ड्रममध्ये तेल दिसलं तर फक्त शू बदलून भागणार नाही. ॲक्सलचं तेल हबच्या सीलमधून येतं. सील बदलाच, शिवाय ॲक्सलच्या वरचा श्वासछिद्राचा तुकडा साफ करा. तो चिखलाने बुजला की आत दाब वाढतो आणि नवं सीलही गळायला लागतं.

डॉट ४ ब्रेक ऑइल भरून मास्टर सिलिंडरपासून सर्वात दूरच्या चाकापासून हवा काढायला सुरुवात करा. त्याआधी शू ॲडजस्ट करून घ्या: ॲडजस्टर ड्रम अडेपर्यंत फिरवा, मग चाक मोकळं फिरेल इतकाच मागे घ्या. पुढच्या चाकाला दोन ॲडजस्टर असतात आणि दुसरा विसरणं ही नेहमीची गोष्ट आहे. शू सैल असताना हवा काढत बसलात तर पॅडल कितीही वेळ स्पंजासारखंच राहतं. ब्रेक ऑइलची टाकी जमिनीतल्या झाकणाखाली आहे, त्यामुळे भरताना कचरा आत पडणार नाही एवढी काळजी घ्या.

ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर दुसऱ्या बाजूचा सिलिंडर अडकला आहे किंवा शूला तेल लागलं आहे. पॅडल सोडल्यावरही चाक जखडून राहिलं तर होजकडे बघा. जुनी होज आतून सुजते, ऑइल पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही.

इंजिन जागं करणं

सेल्फ मारायची नाही. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ तेल सोडा आणि एक-दोन दिवस थांबा. मग गाडीच्या पुढून घालायच्या हँडलने हळूच फिरवून बघा. जाम असेल तर डिझेल किंवा ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल समप्रमाणात मिसळून भरा, आठवडाभर मुरू द्या आणि हँडल अधूनमधून हलकंच फिरवून बघत राहा. लांब पाइप लावून जोर करू नका, पिस्टनची रिंग तुटेल. आठवड्याभरातही हललं नाही तर हेड काढण्याशिवाय इलाज नाही.

फिरायला लागलं की टॅपेट कव्हर काढून आठही व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात ते पाहा. अडकलेला व्हॉल्व्ह पुशरॉड वाकवतो. टॅपेटची फट थंड इंजिनावर ०.०१२ इंच, म्हणजे ०.३० मिमी. लक्षात ठेवायची युक्ती नऊच्या बेरजेची: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला लावा, सहावा उघडा असताना तिसरा, चौथा उघडा असताना पाचवा, असं पुढे. दोन्ही आकड्यांची बेरीज नऊ आली पाहिजे.

जुनं तेल काढून फिल्टर बदला, २०डब्ल्यू-५० तेल सुमारे ३.७ लिटर भरा. गिअरबॉक्समध्येही इंजिनचंच तेल जातं, सुमारे १.३ लिटर. तिथे गिअर ऑइल घालण्याची चूक सर्रास होते. मागच्या ॲक्सलला मात्र ईपी ९० हायपॉइड, सुमारे ०.८५ लिटर.

प्लग काढलेल्या स्थितीतच सेल्फवर इंजिन फिरवत तेलाचा दिवा विझेपर्यंत थांबा. लांब उभ्या राहिलेल्या गाडीत तेलाचा पंप कोरडा पडलेला असतो आणि आधी ठिणगी देऊन इंजिन सुरू केलं तर बेअरिंग कोरडी फिरतात. एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. दिवा विझलाच नाही तर फिल्टर-हाउसिंगचं सील आणि पंप तपासा.

मग कॉम्प्रेशन बघा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, चारही प्लग बाहेर ठेवून. आकडा किती यापेक्षा चारही जवळजवळ आहेत का, हे महत्त्वाचं. एक सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग झिजल्या, वाढला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी असतील तर हेड गॅस्केट. हेडचे नट मधून बाहेर जात टप्प्याटप्प्याने ४० फूट-पाउंड, म्हणजे ५४ न्यूटन-मीटर.

ठिणगीसाठी आकडे: पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडमिट होणाऱ्या संपर्कांची) फट ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी, प्लगची ०.०२५ इंच, म्हणजे ०.६४ मिमी, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. पॉइंट नवेच दिसत असले तरी वर्षानुवर्षं उभे राहून त्यांवर बारीक थर चढतो आणि वीज जात नाही. बारीक पॉलिश पेपर फिरवून कोऱ्या कागदाने पुसा.

पेट्रोलची टाकी उपडी करून आतला गंज आणि डिंकासारखा थर धुवून काढा. तिच्यातलं जुनं पेट्रोल वापरू नका. सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या आर-९ दर्जाच्या घाला, कारण जुनं रबर आजच्या पेट्रोलमध्ये विरघळून कार्बोरेटरमध्ये जातं. एसयू कंपनीचा विजेवरचा पेट्रोल पंप चावी फिरवली की काही वेळ टिकटिकतो आणि थांबतो. थांबलाच नाही तर कुठेतरी हवा ओढतोय किंवा कार्बोरेटर वाहून चाललंय. टिकटिकलाच नाही तर त्याचे पॉइंट चिकटलेत, हातोडीच्या दांड्याने हलकी टकटक करून बघा आणि सुरू झाला तरी तो पंप लवकरच बदलावा लागेल असं समजा. कार्बोरेटरमध्ये पिस्टन हाताने उचलून सोडला की 'टक्' असा आवाज करत खाली पडला पाहिजे. वरच्या डॅशपॉटमध्ये (पिस्टनवरच्या तेलाच्या नळीत) थोडं इंजिन ऑइल घालायला विसरू नका, नाहीतर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते.

शिसेविरहित पेट्रोलवर जुन्या हेडच्या एक्झॉस्ट सीट हळूहळू झिजतात. मंद वेगाने फिरण्यापुरती गाडी असेल तर टॅपेटची फट वरचेवर तपासून भागतं. लांबचा प्रवास करायचा असेल तर हेड काढलेलं असतानाच कडक सीट बसवून घ्या.

रेडिएटर आणि ब्लॉक दोन्ही उलट दिशेने पाणी सोडून धुवा. गाळ पंपापासून दूर, चौथ्या सिलिंडरच्या मागे साचतो आणि ब्लॉकचा नळ उघडूनही पाणी येत नाही. तारेने नळाचं भोक मोकळं करा. पाण्याच्या जागी कूलंटचं मिश्रण, सुमारे ५ लिटर.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असणं अगदी सामान्य आहे. पॅडल दाबूनही गिअर पडत नसेल तर गिअरबॉक्स लगेच खाली उतरवू नका. इंजिन गरम करून बंद करा, मागची चाकं स्टँडवर उचलून टॉप गिअर टाका आणि मग क्लच दाबून सुरू करा आणि ब्रेक हलके लावा. बहुतेक वेळा प्लेट सुटते. समोर कोणी उभं राहू नये, हे सांगायला नको.

वीज

या गाड्यांमध्ये बॅटरीचा पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेला असतो. नव्या सवयीने निगेटिव्ह जोडून टाकलं तर डायनॅमो आणि कटआउटची वाट लागू शकते. बदल करायचाच असेल तर बॅटरीच्या वायरी आणि कॉइलच्या दोन बारीक वायरी अदलाबदल करा. मग डायनॅमोच्या वायरी सोडवून त्याच्या छोट्या 'एफ' टोकाला बॅटरीच्या पॉझिटिव्ह, म्हणजे आता जिवंत असलेल्या टोकाची वायर क्षणभर दोन-तीनदा टेकवा. त्यातून डायनॅमोला नवी दिशा मिळते. मूळ गाडीत फक्त दोन फ्यूज आहेत. वायरचं कापडी आवरण हाताने वाकवल्यावर तडकत असेल तर पूर्ण वायरिंग नवी टाका, टेप गुंडाळत बसू नका. दिवे मंद असतील तर आधी अर्थिंगच्या जागा घासून चकचकीत करा. दहातले नऊ दोष तिथेच निघतात.

पहिला फेरा

आवारातच, चालत्या माणसाच्या वेगाने. ब्रेक, मग हँडब्रेक, मग दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण वळवून बघा. नंतर पाचेक किलोमीटर, आणि परत येऊन चारही ड्रमजवळ हात न्या. एकच तापलेला असेल तर तिथला शू अडकतोय. पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा कसा, कारण नव्या रंगाचा थर दबून ते सैल होतात. गाडी झटके देऊन बंद पडली तर आधी पेट्रोल फिल्टर बघा. टाकीतला गंज पहिल्या काही फेऱ्यांत तिथे येऊन साचतो. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर न कुरकुरता जुळवणारी रचना) नाही आणि त्यात घूं घूं आवाज येणं हा दोष नाही. गाडी पूर्ण थांबवूनच पहिला गिअर टाका.

हेड उघडलं असेल तर पाचशे किलोमीटरनंतर हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा टॉर्क करा आणि लगेच टॅपेटही, कारण नट कसले की फट बदलते. त्याच दिवशी इंजिनचं तेल बदला, पहिल्या तेलात वर्षानुवर्षांचा गाळ विरघळलेला असतो. आणि ग्रीस गन भिंतीवर टांगून ठेवू नका. दर दीड हजार किलोमीटरला पुढची दोन्ही चाकं उचलून ट्रनियनमध्ये ग्रीस भरायचंच आहे, गाडी वर्षभरात तेवढी चालली नाही तरी वर्षातून दोनदा.